मेहेरबानीची चूल, मजुरीची चूल

गॅसचा भाव वाढला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. विरोधी पक्ष, मग तो कोणताही असो, रिकामी सिलिंडरे घेऊन रस्त्यावर येतो. आणि सत्ताधारी पक्ष, मग तोही कोणताही असो, आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतो. पुढे निवडणूक तोंडावर आली की कुठली तरी सवलत जाहीर होते, तिचे श्रेय घेणारे फलक चौकाचौकांत लागतात आणि विषय संपतो. या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या माणसाची चूल या भाववाढीने थंडावते, त्याला मुळात सवलतीची गरज का पडावी? तो महिनाभर राबून जी मजुरी घरी आणतो, तीत चुलीचा खर्च धरलेला असतो की नाही?

धरलेला असतो; निदान कागदावर तरी नक्की धरलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. परंतु किमान म्हणजे नेमके किती, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. तो हिशेब मांडला १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने. सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांनी एकत्र बसून तो मान्य केला. मिळवता माणूस एकच धरायचा, बायकोमुलांची कमाई मोजायची नाही. कुटुंबात तीन प्रौढ माणसांइतके खाणे धरायचे, माणशी रोज २,७०० कॅलरी. चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक वसाहतीच्या किमान दराइतके घरभाडे. आणि इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्च मिळून एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर सांगितली.

म्हणजे चूल ही मजुरीच्या आतली गोष्ट आहे, हे या देशाने १९५७ मध्येच ठरवून टाकले होते. इंधन ही सरकारने दया म्हणून द्यायची वस्तू नव्हे. तो कामाच्या मोबदल्याचाच एक भाग आहे. घोडे अडले ते पुढे. कागदावरचा हा हिशेब आणि हातात पडणारी रक्कम यांची गाठ पडत नाही.

पाहिजे तर आपणच आकडेमोड करून बघू. केंद्र सरकारने देशभरासाठी जी किमान पातळी सुचवली होती, ती २०१७ मध्ये रोजची १७६ रुपये आणि २०१९ मध्ये १७८ रुपये झाली. दोन वर्षांत वाढ किती, तर दोन रुपये! पुढे कित्येक वर्षे ती तिथेच थांबली. महिन्याचे २६ दिवस काम धरले तर १७८ रुपयांचे होतात ४,६२८. त्याचे २० टक्के म्हणजे सुमारे ९२५ रुपये. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशे रुपयांच्या किंचित वर गेला. तेव्हा इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ या तिन्ही खात्यांच्या ९२५ रुपयांतून एक सिलिंडर आणला की उरले जेमतेम सत्तर-बहात्तर रुपये. त्यात विजेचे बिल, कामावर जाण्यायेण्याचे भाडे, साबण, काडेपेटी आणि फोनचे रिचार्ज! सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी यांच्या समितीने २०१९ मध्ये ही पातळी रोज ३७५ रुपये असावी असे सुचवले होते, तेही जुलै २०१८ च्या भावांनुसार. ती शिफारस अंमलात आली नाही. महाराष्ट्रात ठरवलेले किमान दर १७८ रुपयांहून बरेच वरचे आहेत, हे खरे. पण ठरवलेला दर आणि दिलेला दर यांतले अंतर आपल्या राज्यातही सर्वांना ठाऊक आहे.

हे अंतर मी जवळून पाहिले आहे. आयुष्याची तेहतीस वर्षे मी एका बँकेत काढली. बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे दर तीन महिन्यांनी आपोआप बदलतो. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही, कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. आमच्या शाखेच्या दारात बारा तास उभा राहणारा रखवालदार मात्र कंत्राटावरचा होता. गॅस त्याच्याही घरी होता, भाव आम्हा दोघांना एकच होता. पण माझ्या भत्त्याला भाववाढ कळत असे आणि त्याच्या पगाराला ती कळत नसे. निवृत्तीनंतर आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार म्हणून मी सुरक्षा एजन्सीची बिले पाहू लागलो. एका रखवालदारामागे आपण जी रक्कम देतो, त्यातली त्याच्या हातात किती पडते, असे मी एजन्सीच्या माणसाला विचारले. तो हसून म्हणाला, "साहेब, बिलाचं तुम्ही बघा, पगाराचं आम्ही बघतो." सगळ्या प्रश्नाचे सार या एका वाक्यात आहे. पैसे देणारा वेगळा, पगार वाटणारा वेगळा आणि राबणारा तिसराच. मग भाववाढीची जबाबदारी कुणाची? उत्तर येते, सरकारची!

आता या भत्त्यामागचा निर्देशांक म्हणजे काय तेही पाहू. सिमल्याची श्रम संस्था औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किमतींचा निर्देशांक काढते. कामगार कुटुंब शंभर रुपये कशाकशावर खर्च करते याची पाहणी करून प्रत्येक बाबीला भार दिलेला असतो. २००१ च्या मालिकेत इंधन व दिवाबत्तीचा भार ६.४३ होता, २०१६ च्या मालिकेत तो ५.५० झाला. इंधनाचा भाव दहा टक्के वाढला, तर निर्देशांक या खात्यातून अवघा अर्धा टक्का हलतो. बसभाडे, रिक्षाभाडे, पेट्रोल हे दुसऱ्याच, 'संकीर्ण' खात्यात जातात. सरासरी म्हणून यात चूक काही नाही. पण सरासरी ही सरासरी असते. ज्याचा पगार बरा, त्याच्या खर्चात गॅसचा वाटा लहान. ज्याचा पगार तुटपुंजा, त्याच्या खर्चात तो मोठा. सिलिंडर सगळ्यांना सारख्याच भावाने मिळतो आणि भात शिजायला लागणारा जाळही सगळ्यांना सारखाच लागतो.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, नव्याने जाहीर होतो. म्हणजे भाव आज वाढला तरी भत्ता काही महिन्यांनी जागा होतो. मूळ दर निदान पाच वर्षांनी तरी तपासावेत असे १९४८ चा कायदा सांगत होता. त्यालाही कित्येक उद्योगांत उशीर होत आला. तेवढ्या काळात कामगाराने काय करायचे? तो वाण्याची उधारी वाढवतो, मुलाच्या शिकवणीची फी पुढे ढकलतो आणि घरात सरपण येते.

या फटीत मग सरकारी मदत शिरते. आपल्या पिढीला ती प्रथम रॉकेलच्या रूपाने भेटली. रेशनच्या दुकानापुढची डब्यांची रांग आणि काळ्या बाजारात जाऊ नये म्हणून निळा रंग घातलेले रॉकेल चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा धान्य-तेलासोबत रॉकेल हाही त्यांच्या रोषाचा विषय होता. स्वस्त रॉकेल गरिबांसाठी होते. पण निळा रंग घालूनही ते डिझेलमध्ये मिसळले जात असे, कारण दोन्हींच्या भावात मोठी तफावत होती. या धंद्याची पाळेमुळे किती खोल होती, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. भेसळीचा छापा घालायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारण्यात आले. पुढे २०१६ पासून रॉकेलचा भाव थोडा थोडा वाढवत नेऊन २०२० पर्यंत हे अनुदान संपवण्यात आले.

रॉकेलची जागा गॅसने घेतली. मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि पुढच्या दशकभरात दहा कोटींहून अधिक घरांत या योजनेतून जोडण्या गेल्या. बायकांच्या डोळ्यांतला आणि फुप्फुसांतला धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी या योजनेची थट्टा करू नये. पण जोडणी मिळणे वेगळे आणि टाकी पुन्हा भरून आणणे वेगळे. उज्ज्वलातील घरे २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर घेत होती. मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान सुरू झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. २०२४-२५ पर्यंत ही सरासरी साडेचारच्या आसपास गेली. याचा अर्थ सरळ आहे. अनुदानाचा उपयोग होतो. आणि तरीही ते पुरत नाही. मध्यमवर्गीय घरात सिलिंडर दीड-दोन महिन्यांत संपतो, म्हणजे वर्षाला सहा ते आठ लागतात. मग साडेचार सिलिंडरांवर भागवणाऱ्या घरी उरलेले महिने काय जळत असेल, हे सांगायला नको.

यात एक बारीक अडचण आहे, ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. अनुदान बँकेच्या खात्यात नंतर जमा होते. सिलिंडर घेताना मात्र पुरा भाव रोख मोजावा लागतो. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याला हे सोयीचे आहे, चोरी थांबते म्हणून सरकारलाही सोयीचे आहे. पण ज्याला रोजच्या रोज मजुरी मिळते, त्याच्या हातात एकावेळी आठशे-नऊशे रुपये साठतात कुठे? तीनशे परत येणार आहेत हे त्याला माहीत असते; परंतु आधीचे नऊशे आणायचे कुठून हा त्याचा प्रश्न असतो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना आणली आणि त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेतून दरमहा १,५०० रुपये महिलांच्या खात्यांत जाऊ लागले. पैसा थेट बाईच्या हाती पडला, याचे मोल मी कमी मानत नाही. पण निवडणुकीच्या वर्षात आलेली सवलत दुसऱ्या वर्षी किती राहील, ती कोणाला मिळेल आणि कोणाचे नाव यादीतून गळेल, हे मजुराच्या हाती नसते. मजुरीचा दर एकदा कायद्याने ठरला, की तो यादीतून गळत नाही.

पेट्रोल-डिझेलवरील कर कमी करणे हा मदतीचा आणखी एक मार्ग. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे आठ रुपयांनी आणि डिझेलवरचे सहा रुपयांनी उतरवले. जुलैमध्ये राज्यानेही आपला कर पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपयांनी घटवला. सर्वांना दिलासा, अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रे भरली. पण सर्वांना सारखा दिलासा कसा मिळेल? केंद्राच्या आठ रुपयांचाच हिशेब करा. मोटारीत महिन्याला पन्नास लिटर पेट्रोल भरणाऱ्याचे चारशे रुपये वाचले, दुचाकीत पाच लिटर भरणाऱ्याचे चाळीस. आणि बसने जाणाऱ्या धुणेभांडीवाल्या मावशींचे? वाढलेले भाडे कधी खाली आल्याचे मला तरी आठवत नाही. करकपात वाईट नव्हे, डिझेल उतरले की भाजीपाल्याची वाहतूकही थोडी उतरते. पण ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला सर्वांत कमी, असा तिचा स्वभाव आहे.

त्यापेक्षा एक साधा उपाय अधिक पोटापर्यंत पोचला, असे मला वाटते. जुलै २०१९ मध्ये मुंबईत 'बेस्ट'ने साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. मधली जवळजवळ सहा वर्षे तेलाचे भाव वरखाली होत होते. पण गोवंडीहून चेंबूरला कामाला जाणाऱ्या माणसाला जवळच्या अंतरासाठी पाचच रुपये मोजावे लागत होते. एस. टी.मध्ये मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, त्याचाही लाभ कामाला जाणाऱ्या बायकांना झाला. त्यासाठी ना खाते जोडावे लागले, ना यादीत नाव. मात्र अशा सवलतीचा तोटा परिवहन संस्थेच्या माथी मारून तिला मोडीत काढायचे, हा दुसरा अन्याय होईल. बस स्वस्त ठेवायची तर तिचे पैसे सरकारने वेळेवर भरले पाहिजेत.

तेच रिक्षा-टॅक्सीचे. इंधन महागले की त्यांचे भाडे परिवहन प्राधिकरण सूत्राने ठरवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. उशिरा का होईना, वाढलेल्या इंधनाचा काही भाग गिऱ्हाईक उचलतो. परंतु आपल्या दारात दहा मिनिटांत किराणा आणून देणारा पोऱ्या स्वतःच्या दुचाकीत स्वतःच्या पैशाने पेट्रोल भरतो, आणि त्याच्या फेरीचा दर कंपनी ठरवते. त्याला भाड्याचे सूत्र नाही, भत्ता नाही, निर्देशांक नाही. पेट्रोलची वाढ थेट त्याच्या मजुरीतून वजा होते.

आणि सरकार स्वतः काय करते? शाळांमध्ये पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना सरकार पगार देत नाही, 'मानधन' देते. केंद्राने २००९ मध्ये ते दरमहा १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातून दहा महिने. राज्यांनी आपापली भर पुढे घातली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचेही मानधनच. शब्द मोठा गोड आहे. मान तर मिळतोच, धन मागायचे नाही! २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असे सांगितले, ते काम हे खरेखुरे काम आहे म्हणूनच. शेकडो मुलांची चूल पेटवणाऱ्या बाईला स्वतःची चूल पेटवण्यासाठी सवलतीच्या रांगेत उभे करायचे, यापरती विसंगती कोणती?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. लहान दुकानदार, लहान कारखानदार वाढीव मजुरी देणार कुठून? तो माणसेच कमी करील. शेतमजुराला तर कायमचा मालकच नसतो. त्याच्या मजुरीला महागाई भत्ता लावणार कोण? तेलाचा भाव युद्धाने एका रात्रीत भडकला, तर मजुरी एका रात्रीत कशी वाढणार? हे सारे मान्य. म्हणूनच सरकारी मदत नको, असे मी म्हणत नाही. अचानक आलेल्या तडाख्यात मदत हवीच, आणि ज्याला मालक नाही त्याला तर ती नेहमीच हवी. पण रोजची मजुरी अपुरी ठेवायची आणि तिला कायमचे अनुदानाचे ठिगळ लावायचे, हा मार्ग धोक्याचा आहे. इंग्लंडात १७९५ मध्ये बर्कशायर परगण्याच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलँड येथे ठरवले, की पावाच्या भावाप्रमाणे मजुराच्या कमाईत जी तूट येईल ती गावकराच्या निधीतून भरून द्यायची. हेतू चांगला होता, दुष्काळी दिवस होते. पण मजुरी कमी दिली तरी उरलेले गाव देणार, मग पुरी का द्या, असा विचार जमीनदार करू लागले, अशी टीका पुढे झाली आणि १८३४ च्या कायद्याने ती व्यवस्था मोडली; मोडताना गरिबांवर फार निर्दय अटीही लादल्या. परिणाम किती झाले यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. आपल्यापुरता धडा दुहेरी आहे. मदत मालकाच्या खिशात जाऊ देऊ नये, आणि मजुरी सुधारण्याआधी मदत काढूनही घेऊ नये.

वेतनसंहिता २०१९ मध्ये संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने काही ठरावीक उद्योगांपुरतेच किमान वेतन ही जुनी अट काढली आणि केंद्राने ठरवलेल्या पातळीखाली कोणत्याही राज्याने जायचे नाही असे बंधन घातले. तिच्या २०२० च्या मसुदा नियमांत १९५७ चाच हिशेब आहे. ७२ वारांचे ६६ मीटर झाले आणि इंधन, वीज व किरकोळ खर्चाचे २० टक्के जसेच्या तसे राहिले. आता प्रश्न आकड्याचा आहे. ती पातळी खऱ्या भावांवर ठरली आणि इंधन ठरावीक मर्यादेपलीकडे भडकल्यास सहा महिन्यांची वाट न पाहता भत्ता बदलला, तर सवलतींची निम्मी गरज आपोआप संपेल. आणि सरकारने आरंभ स्वतःच्या कंत्राटी सफाई कामगारांपासून आणि मानधनावरच्या बायकांपासून करावा. ज्याने कायदा केला, त्याने तो आधी पाळावा.

राहता राहिलो आपण. रविवारी सकाळी चहाबरोबर हे पान वाचणारी बहुतेक घरे कुणा ना कुणाची मालक आहेत. घरकाम करणाऱ्या बाईंसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला केंद्राला सांगितले. पण त्यांचा पगार अजून आपल्या स्वयंपाकघरातच ठरतो. आपला महागाई भत्ता वाढला की त्यांचाही वाढला पाहिजे, हे ठरवायला कुठल्याही अधिसूचनेची गरज नाही. घरगुती गॅस शंभर रुपयांनी वाढला, तर तो त्यांच्या घरीही शंभरानेच वाढतो. आणि गृहनिर्माण संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत, लिफ्टची दुरुस्ती आणि रंगकाम यांबरोबर एक विषय पत्रिकेवर जरूर घ्या : आपण देतो त्या बिलातले रखवालदाराच्या हातात किती पडते, ते किमान वेतनाइतके आहे की नाही, आणि त्याचा पुरावा दर महिन्याला एजन्सीकडून मागायचा की नाही. सभेत कुरकुर होईल, देखभाल खर्च माणशी पन्नास-शंभर रुपयांनी वाढेल, असेही कुणी म्हणेल. वाढू द्यावा. तो खर्च आपलाच होता. इतके दिवस तो रखवालदाराच्या घरची चूल सोसत होती.